टाकलेले दाणे

तांबोळी सर, मेल्यावर का होईना तुम्हाला खरं सांगायची बुद्धी झाली, आभारी आहे. जिवंतपणी झाली असती तर माझी बरीच वर्षं वाचली असती. पण तुमचं सगळंच उशिरा. स्टाफरूममध्ये चहा यायचा तेव्हा तुम्ही वहीत डोकं घालून बसलेले, आणि कप परत गेले की मग, "अहो, आमचा चहा कुठाय?"

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतायत, जशी काही मी तुमची कोणी होते. मी तुमची कोणी नव्हते. एकाच कॉलेजात तुम्ही भौतिकशास्त्र शिकवायचात, मी वनस्पतिशास्त्र, आणि आपण भांडायचो. नातं म्हणाल तर तेवढंच. उद्या कॉलेजात तुमची शोकसभा आहे आणि "घुलेबाई, तुम्ही बोलायलाच हवं" असं सगळ्यांचं म्हणणं आहे. हे मी तिथे वाचणार आहे, म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागतायत. मध्ये बोलायची सोय तुम्हाला नाही, हे एक बरं आहे.

भांडण एकच होतं. तुमचं म्हणणं, इलेक्ट्रॉनांच्या जगातले ते क्वांटमचे विचित्र नियम सजीवांच्या आतही कामाला येतात. पान ऊन पकडतं तिथे, पक्षी समुद्र ओलांडून बरोबर त्याच झाडावर येतो तिथे. माझं म्हणणं, पेशी म्हणजे कोमट पाण्यातली धक्काबुक्की. असले नाजूक प्रकार टिकायला थंडी लागते, शांतता लागते. "मंडईत गणपतीच्या गर्दीत कोणी सतार लावत बसत नाही," असं मी मुलांसमोर म्हणाले होते. तुम्ही लगेच म्हणालात, "पण बाई, त्याच गर्दीत आईला आपल्या पोराचं रडणं ओळखू येतं ना?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. उपमा म्हणजे पुरावा नव्हे, असं मी ओरडले, पण सुरुवात माझ्याच उपमेने झाली होती, त्यामुळे माझं कोणी ऐकलं नाही.

मी म्हणायचे, सगळं रसायनशास्त्र शेवटी क्वांटमच असेल तर हा खडूही क्वांटम, मग जीवशास्त्राच्या तासाला त्याचं कौतुक कशाला? तुम्ही शांतपणे म्हणायचात, "असणं वेगळं आणि कामाला लावणं वेगळं. खडूत आहे. पण खडू त्याचा काही उपयोग करून घेत नाही. जीव करून घेतो का, एवढंच मी विचारतोय." हे तुमचं बरोबर होतं. प्रश्न असाच विचारायला हवा होता. तेव्हा मी मान्य केलं नाही, आता करते, आणि तुम्ही ऐकायला नाही हे बघूनच करते.

गुरुवारी आपल्याकडे लाइट जायची. प्रयोग बंद, पंखा बंद, म्हणून भांडण चालू. बाकीचे लोक गुरुवारी तिकडे फिरकायचे नाहीत. मी मात्र न चुकता जिना चढून तुमच्या लॅबमध्ये यायचे, हे आज लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

अशाच एका गुरुवारी मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तुम्ही पक्ष्यांबद्दल सांगत होतात. त्यांच्या डोळ्यात निळा उजेड पकडणारं एक प्रथिन असतं, त्यात इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते आणि त्या जोडीला पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं, अशी ती कल्पना. मी सहज म्हणाले, "त्याच घराण्यातलं प्रथिन झाडांतही असतं." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं माझ्या पदराला आग लागली. "मग बियाणाला चुंबक का कळू नये, बाई?"

मटकी घ्यायची, हेही मीच सुचवलं. स्वस्त, आणि दोन दिवसांत मोड येतात. तुम्ही सुताराकडून दोन लाकडी पेट्या करून घेतल्या. प्रत्येकीत दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी, मध्ये ट्रे, वर निळा दिवा. पहिल्या पेटीच्या तारेतून वीज सोडायची, दुसरीच्या नाही. दोन्ही हुबेहूब सारख्या. फक्त पहिलीचं तोंड सुताराने दोन बोटं अरुंद केलं आणि तुमचा पंजा आत जाईना. "जाऊ दे, तुमचा हात बारीक आहे, पहिलीत दाणे तुम्ही लावा, दुसरीत मी लावतो," तुम्ही म्हणालात. सुताराला परत कोण बोलावणार. तो एकदा यायलाच तीन महिने लागले होते.

मग एकाच पिशवीतली मटकी, एकाच पातेल्यात आदल्या संध्याकाळी भिजवलेली. सकाळी शंभर दाणे इकडे, शंभर तिकडे. आणि दोन दिवसांनी चुंबकाच्या पेटीत मोड जास्त. पहिल्या वेळी मी हसले. पाचव्या वेळी हसले नाही. आपण पेट्यांच्या जागा बदलल्या, दिवे बदलले, ट्रे बदलले, दुकान बदललं. मी म्हटलं, तार तापत असेल, ऊब लागून मोड येत असतील. तुम्ही दोन्ही पेट्यांत थर्मामीटर लावले. फरक नाही. बदलण्यासारखं सगळं बदललं, असं आपल्याला वाटलं, आणि तरीही तुमची चुंबकाची पेटी दरवेळी सातआठ कोंबांनी पुढे.

निबंध छापून आला, दोघांच्या नावाने, बरोबर दोन ट्रेंचा फोटो. मला त्याच्यावर बढती मिळाली. तुम्हाला व्याख्यानं मिळाली. गावोगावी तुम्ही तो फोटो पडद्यावर दाखवायचात आणि म्हणायचात, "हा डावीकडचा ट्रे माझ्या सहकारी घुलेबाईंनी लावलेला आहे, आणि त्यांचा माझ्यावर अजिबात विश्वास नाही." लोक हसायचे. दर ईदला तुमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, आत चिठ्ठी, "साखर कमी, भांडण जास्त." मी डबा घासून, तिळगूळ भरून संक्रांतीला परत करायचे. तेवढे दिवस डबा माझ्याकडेच राहायचा आणि तुमच्या बहीण शमीमआपा मला फोन करून त्याची चौकशी करायच्या.

आता जे लिहिते ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

निबंधाला सहासात वर्षं झाली होती. मांजरी गावाहून आई माझ्याकडे कर्वेनगरला राहायला आली होती. आमचं घर उसाचं, पण कडधान्यं घरापुरती आई स्वतः करायची आणि बियाणं स्वतः निवडायची. दुपारी दोघी टीव्हीसमोर बसलो होतो, मांडीवर परातीत भिजलेली मटकी. आई म्हणाली, "तुजा हात बघितलास का? तू तिकडं टीव्ही बघतीयास अन् हात आपला टणक दाणं काढून टाकतोय. माज्या सासूचा असाच हात व्हता, आंधळी झाली तरी निवडायची."

मी हाताकडे पाहिलं. परातीच्या कडेला न भिजलेल्या दाण्यांची छोटी रास जमली होती. मटकी कितीही भिजवा, काही दाणे फुगतच नाहीत, खड्यासारखे राहतात. उसळीत आले तर दात जातो, म्हणून बाईमाणूस ते काढून टाकते. त्यांना मोड येत नाहीत. ते मी काढले कधी, मला ठाऊकच नव्हतं.

सर, मला त्या पेट्या आठवल्या. त्या अरुंद तोंडातून मी एकेक दाणा उचलून लावत होते, तोंडाने तुमच्याशी भांडत होते, आणि माझा हात टणक दाणे बाजूला सारत होता. तुम्ही दुसऱ्या पेटीत वाटीतले शंभर जसे आले तसे पसरत होतात, कारण तुम्ही जन्मात कधी उसळ केली नव्हती. आपण दिवे बदलले, दुकानं बदलली. हात बदलायचं कुणाला सुचलं नाही. चुंबक नाही, इलेक्ट्रॉन नाही, माझ्या आजीचा हात तुमच्या पेटीत घुसला होता.

फोन समोरच होता. मी केला नाही. पुढेही केला नाही. माझी बढती होती, निबंधावर माझं नाव होतं, आणि "वनस्पतिशास्त्राच्या बाईंना बियाणं लावता येत नाही" हे ऐकायची माझी तयारी नव्हती. मग मी काय केलं? दर गुरुवारी येऊन तुमच्याशी दुप्पट जोराने भांडले. ऊबच असणार, थर्मामीटर खोटा असणार, ओलावा कमीजास्त असणार. मला वाटायचं, एवढं टोचून टोचून तुम्ही एक दिवस स्वतःच प्रयोग परत कराल आणि माझं नाव न घेता तो मोडीत काढाल. मी उबेवर भांडत राहिले, कारण ऊब कोणाची नसते. हात माझा होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कोणीतरी चुंबकाचे पट्टे विकायला काढले आणि पत्रकावर आपले दोन ट्रे छापले. खाली मजकूर, "क्वांटम ऊर्जेने पेशी जाग्या होतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले." आमच्या सोसायटीतल्या काळेकाकांनी तो पट्टा बांधला आणि साखरेच्या गोळ्या सोडल्या. चार महिन्यांनी त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला.

ते पत्रक मी तुमच्या टेबलावर आपटलं होतं.  तुम्ही त्या पट्टेवाल्याच्या दुकानात जाऊन भर गिऱ्हाइकांत त्याला झाडलंत, वर्तमानपत्राला पत्र पाठवलंत, काळेकाकांना भेटायला फळं घेऊन गेलात. सगळं केलंत. मी दाराशी उभी राहून तुम्हाला वाट्टेल ते बोलले. "तुमच्या त्या फोटोपायी माणसाचा अंगठा गेला," असंही बोलले. खरं म्हणजे एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

त्यानंतरच्या कुठल्यातरी गुरुवारी तुम्ही मला तुमच्या अब्बांची गोष्ट सांगितलीत. भवानी पेठेतलं पानाचं दुकान. अब्बा गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असायचे आणि हात टोपलीतलं सडकं पान आपोआप बाहेर काढत असायचा. विचारलं तर म्हणायचे, मी कुठे काढलं? गोष्ट संपवून तुम्ही खिडकीबाहेर बघत विचारलंत, "बाई, तुम्ही घरी मटकी निवडता का हो?"

माझा हात मी पदराखाली घेतला. पण जीभ शाबूत होती. "न निवडता कोण करतं? दात द्यायचेत का?"

तुम्ही "खरंय" म्हणालात आणि चहाचं विचारलंत. मी तुम्हाला भोळा सांब समजले. हुश्श म्हणून घरी गेले. पुढे कधीतरी तुम्ही सांगितलंत की पहिल्या पेटीची तार जळाली, आता प्रयोग होणार नाही. मी म्हटलं, सुटले. व्याख्यानं तुम्ही हळूहळू बंद केलीत. फोटो मात्र लॅबच्या कपाटावर तसाच राहिला.

गेल्या महिन्यातला आपला शेवटचा फोन. तुमचा आवाज बसला होता. "बाई, गुरुवारी या. एक गंमत दाखवतो." मला वाटलं, पुन्हा कुठलं तरी कात्रण, पुन्हा पक्षी. मी म्हणाले, "तुमच्या गमती मला पाठ आहेत. आणि गुरुवारी पाणी नसतं, मला घरी कामं असतात." तुम्ही म्हणालात, "बरं, मग पुढच्या." पुढच्या गुरुवारी तुम्ही दवाखान्यात होतात, आणि मी आले तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. तुम्ही माझा हात धरलात आणि उलटा करून बघत राहिलात. मी तो सोडवून घेतला. मला वाटलं, औषधांची गुंगी आहे.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी शमीमआपांनी बोलावलं. तुमच्या बहिणीला त्या पेट्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. म्हणाल्या, "भाईजान म्हणायचे, ह्या बाईंच्या आहेत." दोन्ही पेट्या पलंगाखाली होत्या. मी पहिली ओढली आणि सवयीने आत हात घातला. हात सैल गेला. तोंड कानशीने घासून रुंद केलेलं होतं, चांगलं दोन बोटं. तुमचा पंजा जाईल एवढं. तारही जळालेली नव्हती. घरी आणून लावली तर वीज सुरळीत गेली.

आणि पेटीत एक कॉफीची बरणी, वाळलेल्या टणक मटकीने काठोकाठ भरलेली. वर चिठ्ठी, तुमच्या त्या सुबक अक्षरात: "घुलेबाईंनी टाकले असते ते दाणे."

सर, शंभर मटकीत असे सातआठ दाणे निघतात. बरणीभर जमवायला तुम्ही किती मटकी भिजवली असेल? किती वेळा एकट्याने दोन्ही ट्रे लावले असतील, माझ्यासारखे निवडून, दोन्हीकडे सारखे? काय निघालं ते कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही. जिंकला असतात तर जिना उतरून धावत आला असतात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी जळत होते, आणि तुम्ही बघत होतात. तुम्ही बोलला नाहीत कारण मी बोलेन अशी वाट बघत होतात, मी बोलले नाही कारण तुम्ही प्रयोग मोडाल अशी वाट बघत होते. मूग गिळून बसणं म्हणतात लोक, आपण मटकी गिळून बसलो. उद्या कोणीतरी म्हणेल, सरांनी बाईंची लाज राखली, केवढं मोठं मन. मी नाही म्हणणार. अंगठा गेला होता एका माणसाचा. तेव्हा लाज राखायची नसते, चारचौघांत उभं राहून सांगायचं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला तो ट्रे फार आवडत होता, म्हणूनही सांगितलं नसेल. मला तुमचा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. माझ्या रागात मी स्वतःलाही धरलं आहे, म्हणजे तुम्हाला एकटं वाटायला नको.

तर सभेला जमलेल्या मंडळींनो, लॅबच्या भिंतीवर सरांच्या स्मरणार्थ तो दोन ट्रेंचा फोटो लावायचं तुमच्या मनात आहे. लावू नका. तो प्रयोग चुकला होता, आणि चूक माझ्या हाताची होती. निबंध परत घेण्याचं पत्र मी आज सकाळी टाकलं आहे. भिंतीवर लावायचंच असेल तर ही बरणी मी बरोबर आणली आहे. पक्ष्यांचं काय, पानांचं काय, ते मला माहीत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मटकीने दिलेलं नाही. सरांचा प्रश्न चांगला होता, उत्तर तेवढं आमचं खोटं निघालं.

एक राहिलं, सर. पत्र टाकण्याआधी मी प्रयोग परत केला. माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यावर. दोन्ही ट्रेमधले दाणे मीच निवडले, यावेळी हाताकडे बघून. काळेकाकांना बोलावलं. त्यांना म्हटलं, मी बाहेर गेले की कुठल्याही एका पेटीची वीज चालू करा, दोन्हींवर चादर टाका आणि मला सांगू नका. ते काठी टेकत आले. "तांबोळींचं काम आहे ना, करतो," म्हणाले. पट्ट्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन दिवस वीज टिकली.

काल सकाळी चादर काढायच्या आधी मी क्षणभर थांबले. आयुष्यभर तुमच्याविरुद्ध भांडले, निदान तेव्हा तरी माझ्या मनात शास्त्र असायला हवं होतं. माझ्या मनात काय होतं सांगू? एकदा, फक्त एकदा, ह्या माणसाच्या पेटीत जास्त येऊ देत. वीस नकोत, दहा नकोत, चार आले तरी चालतील.

मी मोजले. दोन्हीकडे सारखे, एका कोंबाचा फरक, आणि तोही वीज नसलेल्या पेटीत जास्त. तुम्ही हरलात. माझं म्हणणं बरोबर निघालं, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले.

मग डोळे पुसून ट्रे परत समोर ओढला. काळेकाका म्हणाले, "अहो बाई, झालं की मोजून."

"थांबा जरा," मी म्हटलं. "माझ्या हाताचा काही भरवसा नाही."